गाडीची पन्हळ

आमच्या गाडीने पहिल्यांदा आपण होऊन हॉर्न वाजवला, तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. जून २०२३. मी पुण्यात होतो, त्यामुळे मला हे सकाळी आईच्या फोनवरून कळलं. रत्नागिरीत नाचण्याला आमचं घर आहे. अंगणातल्या आंब्याखाली गाडी लावलेली, आत कोणी नाही, चावी घरात खुंटीला, आणि हॉर्न सलग वाजतोय. बाबा लुंगीवरच धावले, बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली, तेव्हा कुठे तो थांबला. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "काय हो, एसटी लागली की काय फलाटाला?"

हा टोमणा बाबांना बरोबर बसला असणार. कारण बाबा एसटीतून रिटायर झाले. विभागीय कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन, तेहतीस वर्षं.

त्यानंतर गाडीचं रोज काहीतरी सुरू झालं. उभ्या गाडीची लॉक टक-टक-टक करत उघडायची, बंद व्हायची. डाव्या बाजूची काच मध्येच चार बोटं खाली यायची. इंडिकेटर दिला की तो दुप्पट वेगाने फडफडायचा. रविवारी संध्याकाळी लावलेली गाडी बुधवारी सकाळी मेलेली असायची, बॅटरी पार शून्यावर. आईने लिंबू-मिरची बांधली. काकूंनी देवळात गाऱ्हाणं घालायचं सुचवलं. बाबा फोनवर एकच वाक्य म्हणायचे, "पाऊस लागला की करते रे ती असं."

मी हसायचो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या गावात, तेही जूनमध्ये, 'पाऊस लागला की' हे काय निदान झालं? तिकडे पाऊस नसतो कधी?

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

---

ही गाडी मीच घेऊन दिली होती. २०२१ साली आईची केमो संपली आणि दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी कोल्हापूरला जाणं सुरू झालं. रत्नागिरी-कोल्हापूर साधारण एकशेतीस किलोमीटर. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट चढून मलकापूर. बाबांचा हट्ट, एसटी असताना गाडी कशाला. पण घाटात आईला बसमध्ये फार त्रास व्हायचा. शेवटी २०२२ साली पुण्यात एक तीन वर्षं वापरलेली हॅचबॅक मिळाली. वाढीव वॉरंटी शिल्लक होती, मालकाची कागदपत्रं नीट होती. मी ती चालवत रत्नागिरीला आणली आणि बाबांच्या हातात चावी दिली. त्या दिवशी मला मी फार मोठा मुलगा वाटलो होतो.

गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. जे झालं ते कुठल्याही गाडीचं होऊ शकतं.

बाबांनी गाडीत एकच बदल केला. एप्रिल २०२३ मध्ये मोठ्या आवाजाचे दोन हॉर्न बसवले. आंबा घाटातल्या आंधळ्या वळणांवर कंपनीचा हॉर्न ट्रकवाल्याला ऐकूच जात नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हाच म्हणालो होतो, "बाबा, गाडी वॉरंटीत आहे, हात लावू नका." ते म्हणाले, "हात लावतच नाहीये. वेगळा रिले, वेगळा फ्यूज, करंट थेट बॅटरीवरून. गाडीच्या वायरला फक्त विचारतो, हॉर्न दाबलाय का म्हणून."

मग जुलै आला. १९ जुलैच्या रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. टीव्हीवर दिवसभर तीच दृश्यं होती, आणि त्याच आठवड्यात आईची तपासणीची तारीख होती. "पुढे ढकला" असं मी सांगितलं. आई म्हणाली, "तारीख मिळत नाही रे परत." येताना घाट उतरत असताना दुपारी फोन लागेनासा झाला. घाटात रेंज नसते हे माहीत असूनही मी दर पाच मिनिटांनी लावत होतो. दोन तास. ऑफिसात मीटिंग चालू होती आणि मी टेबलाखाली फोन धरून बसलो होतो.

सव्वापाचला साखरप्याहून बाबांचा फोन आला. घाटात भर पावसात दोन्ही वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबले. समोर काहीच दिसेना. बाबांनी काच खाली करून, डोकं बाहेर काढून गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली आणि पाऊस ओसरेपर्यंत थांबले. हे सगळं त्यांनी कुणाची तरी बातमी सांगावी तसं सांगितलं. मागून आईचा आवाज आला, "त्याला सांगू नका म्हटलं होतं ना."

मी त्याच रात्री बस पकडली.

---

सर्व्हिस सेंटरमध्ये सल्लागाराने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. स्क्रीनवर आलं: यू-०१४०. म्हणजे, गाडीतले बाकीचे कम्प्युटर सांगत होते की बॉडी कंट्रोल मॉड्युलशी आमचं बोलणं तुटलंय.

हे मॉड्युल म्हणजे काय, ते आधी सांगतो. जुन्या गाडीत हॉर्नचं बटण आणि हॉर्न यांचं नातं सरळ होतं. बॅटरीकडून निघालेला करंट फ्यूज, रिले, बटण असा फिरायचा आणि हॉर्न वाजायचा. लाइटची वायर वेगळी, वायपरची वेगळी. गाडीत सोयी वाढल्या तशा वायरी वाढल्या, त्यांचं वजन वाढलं. मग १९८६ साली बॉश कंपनीने 'कॅन' नावाची पद्धत जगापुढे मांडली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, आणि त्यावरून गाडीतले सगळे छोटे कम्प्युटर आळीपाळीने बोलणार. एकाच वेळी दोघं बोलायला लागले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा तो पुढे जाणार, दुसरा गप्प राहणार.

या गप्पांमध्ये घरकामाचा भाग बॉडी कंट्रोल मॉड्युलकडे असतो. लाइट, इंडिकेटर, वायपर, काचा, लॉक, हॉर्न, आणि बऱ्याच गाड्यांत चावी खरी की खोटी ते ओळखणंसुद्धा. तुम्ही वायपरचा दांडा खाली करता, तेव्हा तुम्ही वायपर चालू करत नाही. मॉड्युलला अर्ज करता. मंजुरी तो देतो. तळहाताएवढा काळा डबा, बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली कुठेतरी दडवलेला. आमच्या गाडीत तो डावीकडच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांजवळ, बाजूच्या पत्र्याला होता.

"मॉड्युल गेलंय. बदलावं लागेल," सल्लागार म्हणाला. मग त्याने बॉनेट उघडलं आणि त्याची नजर बाबांच्या हॉर्नवर गेली. "हे बाहेरचं वायरिंग कुणी केलंय? सर, मग हे वॉरंटीत बसणार नाही."

मजुरीसकट सव्वीस हजार, आणि पार्ट यायला दहा दिवस. बाबा माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "रिलेला वेगळा फ्यूज आहे. मीटर लावून बघा." सल्लागार नम्रपणे हसला. त्या हसण्याने मला लाज वाटली. वाटायला हवी होती ती त्याच्या वागण्याची. मला वाटली बाबांची.

पार्किंगमध्ये आल्यावर मी बोललो. "तुम्हाला एसटीतलं कळतं, बाबा. चोवीस व्होल्टच्या बसेस. हे सगळं कम्प्युटरचं असतं. कशाला हात लावलात? आईला घाटात काही झालं असतं तर?"

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. बाबा काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पाना आणि पक्कड घेतली, दोन्ही हॉर्न उतरवले, रिले काढला, वायरी गुंडाळून त्यावर रबर लावला आणि सगळं वर्तमानपत्रात बांधून माळ्यावर ठेवलं. गाडीच्या मूळ वायरीवर त्यांनी इतकी व्यवस्थित टेप लावली की तिथे कधी काही जोडलं होतं हे कळूही नये.

---

पार्टची ऑर्डर मी दिली होती, पण सव्वीस हजार खुपत होते. ओळखीच्या एका रिक्षावाल्याने कुवारबावच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. जुनंच मॉड्युल दुरुस्त होतं का बघू, या आशेने मी गाडी तिकडे नेली. त्या दिवशी उघडीप होती, त्यामुळे गाडी अगदी शहाण्यासारखी चालत होती. बाबा येणार नव्हते. आई म्हणाली, "जा हो त्याच्याबरोबर, त्याला रस्ता नाही माहीत." रस्ता मला माहीत होता.

इलेक्ट्रिशियन माझ्याच वयाचा होता. त्याने आधी स्कॅनर लावलाच नाही. डावीकडचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, सीटखाली हात घालून रुळांवर बोट फिरवलं.

"काय बघतोस?" मी विचारलं.

"चिपळूणची तर नाही ना ते बघतो, दादा." २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरात विकल्या जाण्याची भीती असते. पण सीटबेल्टचा आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, तिथे गाळाची रेघ राहते. आमचा पट्टा स्वच्छ होता. मात्र त्याने पायाखालचं मॅटिंग उचलून नाकाशी नेलं आणि म्हणाला, "कुबट वास किती दिवस येतोय?"

मागच्या पावसाळ्यापासून येत होता. मला माहीत होतं. त्यावर उपाय म्हणून मी डॅशबोर्डवर सुगंधाची बाटली चिकटवली होती.

त्याने मॉड्युल काढलं, कपलर सोडवले, डबा उघडला. पिनांवर हिरवा थर चढला होता. बाबा आतापर्यंत लांब उभे होते, ते जवळ आले. "कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी कळकते, तसं झालंय," ते म्हणाले.

"बरोबर, काका. हे शॉर्टने गेलेलं नाही. पाण्याने गेलंय."

गाडी बंद असली तरी हे मॉड्युल पूर्ण झोपत नाही. चावीचं बटण दाबलं जाईल म्हणून ते वाट बघत असतं, त्यामुळे त्याला करंट कायम मिळत असतो. पिनांमध्ये ओल आणि त्यात सतत करंट, म्हणजे धातू हळूहळू विरघळून एका पिनकडून दुसरीकडे सरकायला लागतो. मध्ये अगदी बारीक पूल तयार होतात. आपल्याकडची खारी हवा त्याला मदतच करते. आमच्या गाडीत हॉर्नचं बटण दाबलं की मॉड्युलची एक पिन बॉडीला, म्हणजे अर्थला जोडली जाते. ते काम ओलीने केलं की मॉड्युलला वाटतं, कुणीतरी बटण दाबलंय. लॉकचं तसंच, काचेचं तसंच. कोणी विचारलेलंच नसताना बिचारं इमाने उत्तर देत होतं.

बॅटरी का उतरायची तेही कळलं. मॉड्युल परत जोडून, गाडी बंद करून, लॉक करून त्याने मीटर लावला. अशा वेळी ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जायला हवा. आमचा ६०० जात होता. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशोबाने अडीच दिवसही टिकत नाही. रविवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ.

"आता नवीन टाकलं तरी चार महिन्यांत हेच होणार," तो म्हणाला. "पाणी कुठून येतंय ते बघू आधी. काका, तुम्ही आत बसता?"

बाबांनी टॉर्च घेतला आणि चौसष्टाव्या वर्षी डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे झाले. मी काचेवर मगाने पाणी ओतत होतो. एक मग. काही नाही. दुसरा. तिसरा. पाचव्या मगाला आतून आवाज आला, "थांब. आला." मग जरा वेळाने, "थेंब आला रे. पत्र्याच्या सांध्यातून येतोय, वायरिंगवरून खाली उतरतोय, सरळ कपलरवर."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जोर होता.

इलेक्ट्रिशियनने वायपरखालची काळी प्लॅस्टिकची जाळी उचलली. काचेवरून ओघळणारं पाणी त्या जाळीतून खालच्या खोबणीत पडतं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे बाहेर पडतं. आमच्या खोबणीत आंब्याची कुजलेली पानं, वाळका मोहोर आणि त्याची झालेली काळी माती होती. त्यात चक्क एक गांडूळ होतं. डावीकडचं भोक पूर्ण बुजलं होतं. मोठा पाऊस लागला की खोबण भरायची आणि पाणी आत उतरायचं.

बाबा कितीतरी वेळ त्या खोबणीकडे बघत राहिले. "ही तर पन्हळ आहे," ते म्हणाले.

आमच्या घराच्या पन्हळी बाबा दर वर्षी मे महिन्यात स्वतः साफ करतात. आगोटीच्या कामांतलं ते पहिलं काम. कौलं बघायची, लाकडं आत घ्यायची, पन्हळीतला पाला काढायचा. त्याच आंब्याचा पाला. गाडीलाही पन्हळ असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि गाडी ज्याने आणून दिली त्यालाही माहीत नव्हतं.

इलेक्ट्रिशियनने बाबांची टेप बघितली. "हॉर्न तुम्ही काढलेत, काका? काम स्वच्छ होतं. त्याचा काही संबंध नव्हता." बाबा "हं" म्हणाले. मी मग धुवायला नळावर गेलो.

---

पार्ट आला. नवीन मॉड्युल म्हणजे कोरी पाटी. ते नुसतं जोडून चालत नाही. गाडीचा नंबर, म्हणजे चासीचा सतरा अक्षरी नंबर, त्यात लिहावा लागतो. मग या मॉडेलला काय काय आहे ते सांगावं लागतं. पहिल्या खेपेला मागचा वायपर हलेना, कारण गाडीला मागे वायपर आहे हे मॉड्युलला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी चाव्यांची ओळख. असतील त्या सगळ्या चाव्या त्याच वेळी हजर लागतात, राहिलेली चावी गाडी नंतर ओळखत नाही. दुसरी चावी आईने दागिन्यांच्या डब्यात ठेवली होती. पाऊण तासात सगळं झालं. पानं काढायला दहा मिनिटं लागली होती, आणि पैसे शून्य.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. काहीतरी बिघडलं की 'शेवटचा बदल कोणी केला' हे आम्ही सगळ्यात आधी बघतो, आणि नव्या पोरांना सांगतो की तिथेच थांबू नका, ते बरेचदा चुकीचं निघतं. घरी मी तिथेच थांबलो. शेवटचा हात बाबांचा लागला होता, एवढं मला पुरलं. सगळे निर्णय एका बंद डब्यात गेले की बिघाड कुठे दिसतो आणि कुठून येतो यांचा संबंध तुटतो. मग दोष जवळच्या, जुन्या, कमी बोलणाऱ्या माणसाला चिकटवणं सोपं जातं.

निघायच्या रात्री मी गॅसच्या नंबरासाठी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघत होतो. जूनच्या पानावर काही तारखांवर पेन्सिलने बारीक खुणा होत्या. बाबांचं अक्षर. 'हॉर्न, रा. २.३०, मोठा पाऊस.' 'काच. सकाळपासून संततधार.' 'आज ऊन. काही नाही.' 'ऊन. काही नाही.' 'बॅटरी. तीन दिवस पाऊस.' पान उलटलं तर जुलैतही तेच. दीड महिन्याची नोंद. असा बग रिपोर्ट ऑफिसात कोणी दिला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. फोनवर मला त्याचं एका ओळीतलं सार मिळत होतं, आणि मी हसत होतो.

मी बाबांना सॉरी म्हणालो नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही, असं सांगून सुटता येईल, पण खरं म्हणजे मला जमलं नाही. दाराशी बॅग उचलताना एवढंच म्हणालो, "बाबा, तुम्ही म्हणत होतात पावसाचं." ते म्हणाले, "हो ना. बसची वेळ झाली तुझी."

---

तुमची गाडी झाडाखाली राहत असेल तर मे महिन्यात एकदा बॉनेट उघडा. काचेच्या खाली जी जाळी असते, तिच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी ओता. ते झटकन खाली, चाकांच्या मागे पडायला हवं. साठत असेल तर पाला काढा. आत कुबट वास येत असेल तर मॅटिंगखाली हात घाला, सुगंधाची बाटली नंतर आणा. कधी कधी एसीच्या पाण्याची नळी तुंबूनही ओल येते, तीही बघून घ्या. आणि तुमच्या घरात कोणी "पाऊस लागला की करते" असं म्हणत असेल, तर कधीपासून, किती वेळा, हे विचारा.

मे २०२४ मध्ये मी आगोटीला म्हणून चार दिवस घरी गेलो. शिडी धरायला बाबा, पन्हळीत हात घालायला मी. घराचं झाल्यावर गाडीचं केलं. ओंजळभर पाला निघाला. मग मी माळ्यावर चढलो आणि वर्तमानपत्रात बांधलेलं ते पुडकं खाली आणलं.

"आता कशाला?" बाबा म्हणाले.

"जूनमध्ये आईची तारीख आहे. घाटात लागेल."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग आतून पक्कड आणून माझ्या हातात दिली. "तूच लाव. मी सांगतो."

वायर किती सोलायची, थिंबल कुठे दाबायचं, फ्यूज बॅटरीच्या किती जवळ ठेवायचा, सगळं त्यांनी एकेक करून सांगितलं. तासाभराचं काम मला अडीच तास पुरलं. शेवटी त्यांनी मी केलेला प्रत्येक जॉइंट दोन बोटांत धरून ओढून बघितला. तिसरा सुटला.

"हा परत कर," ते म्हणाले.